तांब्याचं वावर

...आता तुमीच सांगा, इथं तांबं नोको म्हटलं तं नेमकं तिथंच काहून यावं? सरळ गोष्ट हाये ना! मी जीवन, बार्शीटाकळीच्या भाजीवाल्या उत्तमरावांचा पोरगा. अमरावतीले शिकलो अन् घरी बसून कॉम्प्युटरवर सर्किट बोर्ड काढतो. तुमाले सांगतो, बोर्डावर हद्द आखायची, सॉफ्टवेअरले म्हनायचं भर तांबं, का एका दमात सारीकडं पसरते, धुऱ्यावरच्या, म्हनजे बांधावरच्या, हराळीवानी. जिथं नोको तिथं अजून एक चौकोन आखून हात जोडा लागते, का बापा, एवढी जागा सोड. हा झाला कटआऊट. पन सोडते का? तांबं आयकत नाई, भाऊ!

बनवून काय रायलो होतो, तं मोटरीचं स्टार्टर. घरून फोन लावला का वावरातली मोटर सुरू. त्याच्या कोपऱ्यात अँटिना, अन् अँटिनाखाली तांबं आलं का रेंज मेली म्हनून समजा. बाळापूरचे किशोरभाऊ, पंपाचे मोठे दुकानदार, ते आमच्या वावरात येऊन पाहनार होते. पसंत पडलं तं ऑर्डर, अन् मी गावातच, आपल्या मानसात. नाई तं पुण्याची नोकरी. पुणं वाईट हाये असं मी म्हनत नाई, पन मले नाई जायचं. पोटातूनच नाई.

मंग काय, लागलो कामाले. तांबं बोर्डाच्या दोन्हीकून असते; वरच्या बाजूले कटआऊट काढला, तं तांबं खालच्या बाजूले हजर. खाली काढला, तं 'पुन्हा भर' हे सांगालेच इसरलो, स्क्रीनवर जुनंच चित्र. तिसऱ्या खेपेले कटआऊटच्या जागी तांब्याचाच चौकोन काढून बसलो... तांबं आयकत नाई, भाऊ, मानूस येडा होते! पन जमलं. दोन्हीकून कोपरा साफ. मी खुर्चीतच आळस देऊन रायलो होतो, तेवढ्यात मांगून बाबा.

आता आमचे बाबा म्हनजे काय, तं धुऱ्यावर बी अंबाडी लावनारा मानूस. विहिरीच्या काठावर दोडक्याचा येल, पाटाच्या कडेनं कोथिंबीर. रिकामी जमीन दिसली का त्याईले जेवन जात नाई. स्क्रीन पाह्यला, चष्मा पुसला, अन् पुन्हा पाह्यला.

"जीवन, थे कोपऱ्यातलं पडीत काहून टाकलं?"

म्या सांगतलं अँटिना, म्या सांगतलं रेंज. ते आपले च्या ओतून बशीत फुका मारत, एवढी चांगली जागा, एवढी चांगली जागा... म्हटलं घ्या, पाहून घ्या एकडाव भरलेलं. पुसला कटआऊट, भरलं तांबं. धुरा ते धुरा, लालेलाल. अन् बाबा हासले.

"आता कसं! आता वावर दिसते. चांगलं काम करतं बाप्पा तू."

तुमाले सांगतो, जलमात पह्यल्यांदा बाबानं माह्या कामाले चांगलं म्हटलं. माहे डोये भरून आले. अन् त्याच खुशीत म्या थेच फाईल कारखान्यात धाडून देली!

बोर्ड आले, सामान लावलं. वावरात नेऊन चालू केलं, तं रेंजची एक काडी नाई. म्या बोर्ड उलटा केला. कोपरा तांब्यानं गच्च! अन् तिकून किशोरभाऊचा फोन, "मी निंघालो." पुणं मले विहिरीपाशी उभं दिसाले लागलं.

कटर काढला अन् लिंबाखाली बसून तांबं खरवडाले लागलो. बाबा आले, सारं समजलं, चेहरा एवढासा झाला. बाजूले बसले, बोर्ड धरला, मंग हळूच म्हने, "कपाशीतलं तन निंदाले तं तू कधी आला नाई, अन् इथं तांबं निंदून रायला." दोघंबी असे हासलो का बैल पाहाले लागले. वरून निंदलं, खालून निंदलं. तांबं आयकत नाई, भाऊ, सोलून काढा लागते!

किशोरभाऊ आले, फोन लावला. एक रिंग, दोन रिंग... अन् मोटर धडधडली, पाटात पानी! किशोरभाऊनं बोर्ड हातात घेतला, खरवडलेला कोपरा पाह्यला, म्हने हे रिकामं काहून? मी तोंड उघडाच्या आंधी बाबा म्हने, "पडीत नोका समजू, तिथं रेंज पेरली हाये."

ऑर्डर भेटली! पुणं गेलं! मी गावातच हावो, अन् खुश हावो, खोटं काहून सांगू. फक्त एक झालं. बाबानं वावर बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याले देऊन टाकलं अन् रोज सकाळी खुर्ची घेऊन माह्या बाजूले बसते. तांब्याचं एक बोट दिसू देत नाई. "एवढी चांगली रेंज," म्हनते, "कायले कोपऱ्यात? साऱ्या बोर्डावर पेर. तांबं निंदून टाक."

मी हो बाबा म्हनतो. सारं निंदून टाकतो. अन् ते च्या प्याले उठले का गुपचूप भरून घेतो.