वायफायला आजोबांचं नाव

भूमच्या स्टँडवर वर्षाराणी ईटच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारच्या तरुणानं मांडीवर लॅपटॉप उघडला आणि गावाकडं बहिणीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“निकिता, अंगणातला कॅमेरा ज्याला जोडलाय, त्या छोट्या कंप्युटरात लॉगिनच होईना. लाइट लागलीय का त्याची?”

“लागलीय, दादा.”

“मग वायफाय बंद असंल.”

“चालू हाय. पर नवं हाय. जुनं काकानं त्यांच्याकडं नेलं, नाव बी बदललं.”

“एका घरात दोन वायफाय कशाला?”

“तू आधी कॅमेऱ्याचं बघ की.”

“कंप्युटर अजून जुनंच नाव हुडकत असंल. नव्याला तेच नाव, तोच पासवर्ड दे. आपोआप जोडला जाईल.”

“बब्रुवान? आजोबांचं नाव आता बाबांनी अन् काकानं, दोघांनीबी काढून टाकलंय.”

“दे गं तू. बाबांना मी सांगतो.”

“दिलं. बघ.”

ईटची गाडी लागली. वर्षाराणीनं पिशवी मांडीवर घेतली, पण ती उठली नाही.

“दादा, झालं का लॉगिन?”

“झालं.”

“मग बोल की.”

“अंगणात ही भिंत कवा घातली?”

“झाला महिना.”

“अन् दार कुठंय तिला?”

“दार ठेवलं न्हाय, दादा.”