समोरच्या दारातला केक

...नाही, तुम्हीच सांगा, रोज सकाळी आठ वाजता कोण केक भाजतं? एखाद्या दिवशी समजू शकते, कुणाचा वाढदिवस असेल, पण रोज? समोर ती दातांची डॉक्टरीण राहायला आली, एकटीच असते, तेव्हापासून बरोब्बर आठला तिचं दार उघडायचं आणि जिनाभर असा वास सुटायचा... लोणी, साखर, व्हॅनिला, सगळं एकदम, जसं काही आत्ताच भट्टीतून काढलंय! आणि महिना झाला तरी शेजारणीला एक तुकडा? एक चुरा? छे! मला काय करायचंय म्हणा!

पण तुम्हाला सांगते, मला करायचं होतं, कारण आमचे हे! ह्यांची साखर वाढलेली, डॉक्टरांनी बजावलंय, गोड बंद म्हणजे बंद, सकाळी बिनसाखरेचे ओट्स. आणि हे त्या वाटीकडे असे बघतात, जणू मी भिंतीला लावायचा चुनाच कालवून दिलाय! दोन चमचे खायचे, वाटी सरकवायची, "भूक नाही गं." वर गोळी उपाशीपोटी! एकदा तर बाथरूमच्या दारातच मटकन बसले... आणि हाच माणूस रोज आठला पाच कमी असताना पेपर घेऊन जिन्यात! "कुठे निघालात?" तर म्हणे, "जरा वारा खातो." जिन्यात कुठला आलाय वारा? तिथे खिडकीसुद्धा नाही! आणि परत येताना चेहरा कसा, तर पोटभर जेवून आल्यासारखा! म्हटलं, अस्सं! म्हणजे ही बया माझ्या नवऱ्याला केक चारतेय! आणि बाई दातांची डॉक्टर! मला काय करायचंय म्हणा, पण रविवारी गेलेच मी. कात्री मागायला. घरात तीन कात्र्या आहेत, तो भाग वेगळा.

ती "बसा ना काकू" म्हणत आत कात्री शोधायला गेली आणि मी स्वयंपाकघरात... मुद्दाम नाही हो, पावलंच वळली! बघते तर काय, मैदा नाही, साखर नाही, ओव्हन आहे पण त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! मी आपली वाकून आत डोकावतेय, तर मागून, "काकू, काय शोधताय?"

"केक," तोंडातून निघूनच गेलं!

इतकी हसली, इतकी हसली, की खाली बसली. मग अंगठ्याएवढी बाटली आणून दाखवली. सेंट! "अहो काकू, लहान मुलं दवाखान्याच्या वासानंच तोंड घट्ट मिटतात. मी हा लावून वाकले की विचारतात, डॉक्टर, तू काय खाल्लंस? विचारायला तोंड उघडलं की माझं काम झालं!" वर म्हणते, "काका जिन्यात भेटतात ना, एवढा मोठा श्वास घेतात, मला वाटलं दमा आहे!" आणि फुस्स करून माझ्या मनगटावर मारलासुद्धा.

घरी येऊन ह्यांच्यापुढे वाटी ठेवली. पेपर खाली आला. नाक वर. "अगं... केक केलायस?" नाही म्हटलं. "लपवलायस!" उठले, सगळे डबे उघडले, मिठाचासुद्धा! शेवटी वासाच्या मागानं माझ्या मनगटापर्यंत पोचले, ते नाकाशी धरलं आणि एवढंसं तोंड करून म्हणाले, "मी तिथे काही खात नव्हतो गं. नुसता उभा राहायचो."

आता ह्यावर काय रागावणार? आणि बोलता बोलता उजव्या हातानं वाटी चाटूनपुसून साफ!

सत्तावीस वर्षांत ह्या माणसानं रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरला नाही, "भरभर चल" म्हणत चार पावलं पुढे! आता रोज सकाळी एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मी! त्या पोरीनं अर्धी बाटलीच दिलीय. ओट्स संपेपर्यंत हलायची सोय नाही, चहा तिकडे ओट्यावर गार. काल म्हटलं, "अहो, रुमालाला लावून देते, तो हुंगत बसा, मला सोडा."

तर म्हणाले, "रुमालाला नुसताच वास येतो गं."

...पितेय आपली गार चहा. मला काय करायचंय म्हणा!