शिडीवरचा काळा डाग

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय रुसलेला आहे — इकडे पायरीवर या, सावली आहे. हां. आता विचारा. कागद बरा का मशीन बरं, एवढंच ना? एवढंसं विचारायला तुम्हाला इतक्या लांब धाडलं, बॅग देऊन, पेन देऊन — मजा आहे बाई सरकारची. पुन्हा कागदावर शिक्के मारायचा कायदा येतोय, म्हणून लोकांचं म्हणणं गोळा करताय म्हणता. करा की. मला लिहिता-वाचता येत नाही, पण बोललेलं मी विसरत नाही, माझंही आणि दुसऱ्याचंही, म्हणून लिहाल ते सरळ लिहा. माझी सून म्हणते, आई, दारात कुणी आलं की तुम्ही सुरूच होता, जरा तोंडाला कुलूप लावत जा. कुलूप म्हटलं की मला हसूच येतं — आमच्या मालकांची निशाणी तीच आहे ना, कुलूप! दोरखंडाचा कारखाना त्यांचा, या रांगेतल्या खोल्या त्यांच्या, समोरचा नळ त्यांचा, आणि निवडणुकीला उभे राहणारेही तेच. समोर कुणीतरी शिडी घेऊन उभा राहतो आणि पडतो. शिडीवरून पडतो, असं आमची पोरं म्हणतात.

तर आमच्या घरात याच्यावरून रोज भांडण. मुलगा माझा पीळ घालायच्या यंत्रावर आहे, तो म्हणतो कागदच हवा, मशीन मत गिळतं — शिडीवर दाबलं की कुलपाला जातं. मी म्हटलं, तू बघितलंस? नाही. मग कुणी बघितलं? सगळे म्हणतात. आणि ते काचेआडून चिठ्ठी दाखवतात ती? ती दाखवायला एक आणि मोजायला एक, म्हणतो. असेल बाबा. पेटीच्या आत काय चालतं ते त्या पेटीला ठाऊक. आणि सून? ती ताटं आपटते आणि म्हणते, मत कुठे जायचं तिथे जाऊ दे, कुणी दिलं ते तरी कळत नाही ना? — मग मशीनच राहू दे. तिनं हे का म्हटलं ते माझ्या मुलाला कळतं. तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही डांबरखाना बघितला नसेल. बघितलाय? नाही ना. मग ऐका.

जहाजाचा दोर पाण्यात कुजू नये म्हणून डांबरातून काढावा लागतो. मोठ्या काहिलीत डांबर उकळतं, त्यातून दोर बाहेर आला की वरचं जादा डांबर हातांनी निपटून काढायचं — ते काम बायकांचं. मी आयुष्यभर तेच केलं, माझी जाऊ माझ्या शेजारी, आता सून करते. हात किती पुसा, काळे ते काळे. साबणाला दाद देत नाही डांबर, रॉकेल लागतं. आता कागदाच्या वेळची गंमत — गंमत कसली — मतदानाला जायचं तर आम्ही बायका आधी रॉकेलनं हात धुवायचो, घासून घासून, कातडी निघेपर्यंत. कारण कागदाला बोट लागलं की डाग उठायचा, आणि डागाचा कागद म्हणजे डांबरखान्यातला कागद, हे आंधळ्यालाही कळणार. मतं मोजायला मालकांकडून मुकादम बसायचा. मालकांचा माणूस म्हणून रीतसर बसायचा हो, टेबलाला खेटून. तो मोजायचा कमी, बघायचा जास्त.

आणि एका निवडणुकीला सकाळी रॉकेलचा डबाच नाही. संपलं म्हणाला मुकादम. कसं संपलं? आदल्या संध्याकाळी मीच झाकण लावलं होतं, जड होता डबा. पण बोलणार कोण! गेलो तसेच काळे हात घेऊन. मी काय केलं — कुलपावर मारला शिक्का, दुसरं काय करणार, पदरात मूल होतं. सगळ्यांनी तेच केलं. माझी जाऊ मात्र हट्टी. फार हट्टी. तिची तर्जनी पेरातून गेलेली, यंत्रात सापडली होती तरुणपणी. तिनं शिडीवर शिक्का मारला आणि कागदाची घडी घातली, त्या हातानं. विचार करा, काळा डाग, आणि डागातलं एक बोट आखूड. कागदावर नाव नव्हतं तिचं, नावाची गरजच काय होती? मोजणी झाली, मालक जिंकले, पेढे वाटतात तसं मुकादमानं सगळ्यांकडे हसून बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात जावेला निपटायच्या कामावरून उचलून काहिलीवर घातली. काठावर उभं राहून ढवळायचं काम. ते बाप्यांचं काम, बाईला कधी दिलं नव्हतं. काठ ओला होता, पाय घसरून आत गेली म्हणतात. अपघात. आम्हीही अपघातच म्हणतो, मोठ्यानं म्हणायचं असेल तेव्हा.

घ्या, पाणी प्या. तुमचं पेन थांबलं ते? लिहा की, हेच तर तुमच्या कायद्यात घालायला हवं. तिकडे सभेत बसून भांडतात ते मत बरोबर मोजलं का चुकीचं मोजलं यावर. मोजा बाबा बरोबर, कोण नको म्हणतंय. पण बरोबर मोजणाऱ्या माणसाचे डोळेही असतात ना? ते कुठे ठेवणार? असं काही लिहिलंय का तुमच्या त्या कायद्यात? नाही, तुम्ही मान हलवताय ती हो म्हणून का नाही म्हणून, मला कळलं नाही.

म्हणून मशीन आलं तेव्हा आम्ही बायका अशा हसलो, अशा हसलो! शिक्का नाही, घडी नाही, कागदाला हात नाही. बटण दाबलं, टुंईं वाजलं, या घरी. मी तर मोठ्या तोऱ्यात शिडीवर दाबलं — हे लिहू नका. बरं लिहा, मला आता कोण काय करणार, माझे काय दिवस राहिलेत. जावेची आठवण म्हणून दाबलं. दर वेळी दाबते. आणि रॉकेलनं हात धुवायची पद्धतच सुटली हो. कशाला धुवायचे? कागदच नाही तर डाग कशावर पडणार? कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि माझं डोकं सगळे वाखाणतात.

गेल्या निवडणुकीची गोष्ट. सून कारखान्याच्या पाळीवरून तशीच, हात न धुता आली, रांगेत माझ्या पुढे लागली. आत गेली, टुंईं, बाहेर आली. मग मी. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी वाकून बघते तर काय — शिडीच्या बटणावर काळं बोट! अगदी ओलं, चकचकीत, अंगठ्याच्या रेघांसकट. थुंकी लावून पुसलं, निघेना. रुमालानं घासलं, उलट पसरलं. बाहेरून तो साहेब ओरडतोय, आजी, झालं का, आजी, बटण सापडत नाही का? सापडलंय रे बाबा, म्हटलं, सापडलंय म्हणूनच तर! शेवटी तसंच दाबलं त्याच्याच वर आणि बाहेर आले. माझ्यामागून आमच्या खोल्यांतलीच माणसं आत जात होती, एकामागून एक. मी सुनेलाही सांगितलं नाही, घाबरली असती बिचारी. मला सांगा, ती मशिनं ठेवून देण्याआधी पुसतात का हो? कुणी बघतं का बटणांकडे? तुम्ही सरकारातले, तुम्हाला ठाऊक असेल.

कुठल्या हाताचा? अंगठ्याचा डाग? — डाव्या. उजव्याला तेव्हा पट्टी होती, भाजलं होतं तिला. हे कशाला लिहून घेताय? मघापासून मी मोजणीचं सांगतेय, चिठ्ठीचं सांगतेय, तेव्हा पेन मांडीवर होतं तुमचं. असू दे, असू दे, तुमची तुम्हाला रीत माहीत. पण एक विचारू? मालक हल्ली सभांतून सांगत फिरतात, कागद परत आणा, कागदच खरा. जिंकलेला माणूस कशाला बदल मागेल, असं माझा मुलगा रोज विचारतो. आणि या महिन्यात डांबरखान्यातल्या बायकांना पाळीपाळीनं काहिलीवर घालतायत. सगळ्यांना शिकायला हवं म्हणे. माझी सून उद्यापासून —

काय म्हणालात? पुन्हा म्हणा. तोकडीसारखं व्हायला नको, असं म्हणालात ना आत्ता?

मी तोकडी म्हटलंच नाही, साहेब. मी जाऊ म्हटलं. पहिल्यापासून जाऊच म्हणतेय, मी माझं बोललेलं विसरत नाही. आखूड बोटावरून तोकडी असं तिला आमच्यातलं कुणी म्हणत नव्हतं, तिला वाईट वाटायचं. एकच माणूस म्हणायचा, टेबलाला खेटून बसायचा तो. आणि ही हनुवटी — टोपी काढा जरा. नका काढू, राहू दे. कळलं मला. बापाचीच हनुवटी आहे. मेले ना ते? मागच्या थंडीत. सूनच सांगत आली होती, मुकादम गेले, त्यांचा मुलगा बसला त्या जागी. मी बघितलं नव्हतं तुम्हाला.

मग सांगते आता, नीट लिहा. तो डाग माझा. माझ्याच अंगठ्याचा. हे बघा, आयुष्यभराचं डांबर आहे या हातात, रेघांत मुरलंय, घाम आला की सुटतं. सून माझ्या पुढे नव्हतीच रांगेत, मागे होती. पाळीही नव्हती तिची त्या दिवशी. म्हातारी आहे, गोष्टी रचून सांगते, आल्यागेल्याला बसवून घेते — कुणालाही विचारा रांगेत, सगळे सांगतील, हिच्या गोष्टीत निम्मं खोटं असतं. भाजलं होतं ते मला. डावा हात माझा. दाबा माझा अंगठा तुमच्या कागदावर, बघा जुळतो का! घ्या ना. हात पुढे केलाय मी, धरा. कुलपालाच देते मी मत, यापुढे कुलपालाच, कागद आणा नाहीतर मशीन आणा, सगळ्यांसमोर देते. पेन मिटू नका. मी सांगतेय ते लिहा आधी. अहो, लिहा!

भोंगा झाला. सुटली वाटतं पाळी. उठा आता तुम्ही, दुसऱ्या खोल्या राहिल्यात तुमच्या, ऊन चढेल. या, निघा. अहो, मी निघा म्हणतेय. बॅग तरी उचला.

आलीस का गं? थांब, तिथेच थांब, नळावर. आधी पाणी भर. हे कुणी नाहीत, वाट विचारत होते, निघालेच. मागे का घेतेस हात — नाही, ठेव मागेच, मागेच ठेव. साहेब, वाट इकडून आहे. तिकडून नाही, इकडून. साहेब? तिच्याकडे कुठे जाताय?