ऋग्वेदाचा ड्राफ्ट आणि मुलीकडचे आम्ही

...आणि ती बास्केटबॉलच्या टीमची बाई विचारते काय, तर तुमच्या मुलीचे हात किती लांब आहेत. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत. अहो, मी उर्मिलाला बघायला गेलो तेव्हा माझ्या आत्यानं तिला नुसतं चालून दाखव म्हटलं होतं, त्यावरून आजतागायत ऐकून घेतोय मी, पण हात पसर असं तेव्हाही कुणी म्हटलं नव्हतं... तुम्हाला सांगतो, बसा, कोपी, म्हणजे आपली इथली कॉफी, गार होईल, होऊ दे, ऐका.

आमची ऋग्वेदा. इथल्याच, तोआ पायोह वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगखालच्या कोर्टावर खेळून खेळून सहा फुटांच्या वर गेली, अमेरिकेत कॉलेजला गेली आणि तिथल्या बास्केटबॉल टीममध्ये फॉरवर्ड झाली. फॉरवर्ड म्हणजे बास्केटजवळ उभं राहून धक्के खायचे आणि उडालेला बॉल ओढून घ्यायचा. पुण्याला आईला फोनवर सांगितलं, "ऋग्वेदा फॉरवर्ड आहे," तर आई म्हणाली, "ते आम्हाला ती गौरीच्या हळदीकुंकवाला चड्डी घालून आली तेव्हाच कळलं."

तर आता तिचं शेवटचं वर्ष, आणि तिथं असतो ड्राफ्ट. म्हणजे मोठ्या लीगच्या टीम ओळीनं बसतात आणि कॉलेजातल्या मुली निवडतात. निवडली तर व्यावसायिक खेळाडू, नाही निवडली तर सामान बांधा, घरी या, नोकरी शोधा. पोरगी याच्यासाठी जीव टाकतेय. आणि एका टीमची बाई म्हणाली, आई-वडिलांशी बोलायचंय, व्हिडिओवर. झालं. उर्मिलानं पडदे धुतले. व्हिडिओत दिसणार भिंतीचा एवढासा तुकडा, पण पडदे धुतले. आपण पडलो मुलीकडचे.

बाई गोड. म्हणाली, बचाव छान आहे, पण डावा हात इतका कच्चा का? उर्मिलानं माझ्याकडे असं काही बघितलं... कारण पोरगी मुळात डावखुरी. तेव्हा आई इथं आमच्याकडे राहायची, प्रसादाला डावा हात पुढे केला की तिची चापट, जेवताना केला की चापट. चापट्या मारून मारून आईनं पोरीला बालवाडीतच उजवली. आता हे इंग्रजीत कसं सांगणार? मी म्हटलं, "रिलिजियस रीझन्स."

मग विचारते, खेळाडू म्हणून तुम्हाला कशी वाटते? आता आपल्यात कुणी म्हणतं का, की आमची मुलगी अप्रतिम आहे म्हणून? मी म्हटलं, ठीक आहे, शिकतेय अजून, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आणि उर्मिला, जिला मी कोपरानं ढोसत होतो, ती म्हणते, "फार हट्टी आहे हो. हातात आलेलं सोडत नाही. लहानपणी चुलतभावाच्या हातातला लाडू..." लाडवाला इंग्रजीत काय म्हणतात यावर आमचं दोघांचं तिथंच वाजलं. बाईनं सगळं शांतपणे ऐकलं, हसली आणि म्हणाली, "वुई विल लेट यू नो."

कळवतो. आता 'कळवतो' म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला पाहिजे? मला तीन बहिणी. कळवतो म्हणून गेलेला माणूस परत आलेला मी बघितलेला नाही. ऋग्वेदाला सांगितलं तर म्हणाली, "पपा, यू से लाइक दॅट फॉर व्हॉट?" आणि फोन ठेवला. तिनं इतकी वर्षं घाम गाळायचा आणि आम्ही दोघांनी एका फोनवर सगळं घालवायचं. आपण पडलो मुलीकडचे, कबूल, पण इतकं पडायचं असतं का?

ड्राफ्टच्या वेळी इथं सकाळ. ऑफिसला दांडी. पहिली फेरी गेली, नाव नाही. दुसरी गेली. मी आपला मनातल्या मनात पोरीला जोखतोय... उंची आहे, पण तिथं सगळ्याच उंच, बॉल ओढते, पण लांबून टाकत नाही, डावा हात धर्मकार्यात गेलेला... तिसऱ्या फेरीला उर्मिला उठून पोहे परतायला गेली, आणि तेवढ्यात टीव्हीवर एक बाप्या म्हणाला, "रिग... वेडा... कानिटकर." वेडा तर वेडा. आमचीच होती.

आणि टीम त्याच बाईची. नंतर मला फोनवर म्हणते कशी, सगळेच आई-वडील म्हणतात आमची मुलगी हिरा आहे, तुमच्याकडे पहिल्यांदा ऐकलं की हातातलं सोडत नाही, मला तसलीच फॉरवर्ड हवी होती. मला रडू आलं, सांगायला लाज कसली? इतकं हलकं वाटलं, की मी तडक लिटल इंडियात, इथल्या आपल्या लोकांच्या बाजारात, जाऊन पेढे आणले आणि दिसेल त्याला वाटत सुटलो. उर्मिला म्हणते, मी सांगतच होते. केव्हा सांगत होती?

संध्याकाळी पोरीचा फोन. हसतेय, रडतेय, आणि शेवटी हळूच म्हणते, "पपा, इतक्यात कुणाला सांगू नका हं. तिसऱ्या फेरीतल्या मुलींना आधी मे महिन्यात सरावाच्या कॅम्पला बोलावतात, बऱ्याच जणींना तिथूनच परत पाठवतात." म्हणजे बघा, अक्षता पडल्या, आणि मुलीला नांदवायचं की नाही हे सासरचे मे महिन्यात ठरवणार. ठरवू देत. आपण पडलो मुलीकडचे. तुम्ही असे थांबलात का? खा तो पेढा. अर्धा खाल्लेला काय परत घेणार आहे मी?