पाचव्या क्रमांकावरचं दूध

काका : आधी बस. उभ्यानं बघण्यातलं नाही हे.

युन-चिए : च्येन काका, तुम्ही असं बोललात की काहीतरी बिनसलेलं असतं. जोडी दिसली नाही का?

काका : दिसली. तुझं ते बेवारस प्रथिन आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावरचा दारवान. दोघं हातात हात घालून, तिसऱ्यांदा.

युन-चिए : मग मला घाबरवता कशाला? तिन्ही वेळा दिसलं की त्सेंग बाई प्रबंधावर सही करणार. सहा महिने याचीच वाट बघतेय.

काका : आता सापडलेल्या प्रथिनांची पूर्ण यादी बघ, जास्त ते वर. पाचव्या क्रमांकावर कोण बसलंय?

युन-चिए : केसीन. ते तर दुधातलं.

काका : माणसाच्या दुधातलं. गाईचं असतं तर कुणाच्या तरी चहावर ढकललं असतं. बावीस वर्षं या मशीनपाशी बसतोय. लोकरीच्या स्वेटरातली मेंढी पाहिली, पोरांचे गळलेले केस पाहिले. मूत्रपिंडाच्या पेशीत आईचं दूध आजच बघतोय.

युन-चिए : मशीनचंच काहीतरी झालंय. मशीननं नीट वागावं म्हणून वर ठेवलेली खाऊची पुडी बघा, तारीख उलटली असेल.

काका : पुडीवर आळ घेऊ नकोस. सोमवारी नवी ठेवलीय. हिरवीच, नारळाच्या चवीची. मशीन शहाण्या बाळासारखं वागलंय. जे पुढ्यात आलं ते मोजलं. मंगळवारी काय काय केलंस?

युन-चिए : सकाळी मायटोकॉन्ड्रिया वेगळे केले. गोंद टाकला.

काका : शेजारी जो उभा त्याला चिकटवून टाकणारा तुझा तो गोंद.

युन-चिए : तोच. अर्ध्या तासानं त्याचा जोर मारून टाकला, अकरा वीसला. वहीत लिहिलंय. मग दूध काढायला खाली गेले. वर येऊन प्रथिनांचे तुकडे करायला घेतले.

काका : हातमोजे?

युन-चिए : नवे घातले, शप्पथ.

काका : आणि हातमोज्याच्या वर काय होतं?

युन-चिए : स्वेटरची बाही. ओली होती, काका. बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं.

काका : पाचवा क्रमांक यावा इतकी ओली?

युन-चिए : दूध वाढावं म्हणून सासूबाई रोज सूप पाठवतात, डुकराच्या पायांचं, शेंगदाणे घालून. नाही म्हणायची सोय नाही.

काका : त्यांना कळव, सूप लागू पडलंय. हवा तर मशीनचा छापील दाखला देतो.

युन-चिए : हसू नका हो. उद्यापासून मशीन दोन महिने दुरुस्तीला. बाईंनी ही फेरी बाद केली तर पदवी पुढच्या वर्षावर गेली. मग रोज माझ्या लेकीला, अळकुडीला, सकाळी आठला सासूबाईंकडे सोडायचं आणि अंधारात उचलायचं, अजून एक वर्ष. आत्ताच ती मला बघून आधी विचारात पडते.

काका : ही चौकट बघ. इथं एक टिचकी मारली की दूध यादीतून गेलं. मेंढ्या सगळे असेच पुसतात.

(युन-चिए चौकटीपासून हात मागे घेते.)

युन-चिए : मेंढी पुसणं वेगळं. हे नमुन्यात कधी शिरलं तेच बाई विचारणार, आणि विचारायलाच हवं. गोंदाच्या आधी शिरलं असेल तर माझ्या जोडीवरही भरवसा नाही.

काका : वाटलंच होतं पुसणार नाहीस.

युन-चिए : थांबा. नुसती यादी नको. चिकटलेल्या जोड्यांची यादी काढा. त्यात केसीन शोधा.

काका : शोधतो. नाही.

युन-चिए : कुणाशीच नाही?

काका : कुणाशीच नाही. पण एका ‘नाही’वर खूश होऊ नकोस. थोडंसंच असेल म्हणून जोडी दिसली नसेल.

युन-चिए : पाचव्या क्रमांकावर आहे, थोडंसं कसं? गोंद जिवंत असताना ते तिथं असतं तर दुसरं कुणी नाही, निदान स्वतःला तरी मिठी मारून बसलं असतं. स्वतःशी चिकटलेलं आहे का बघा.

काका : तेही नाही. पार मोकळं आहे.

युन-चिए : म्हणजे गोंद मेल्यावर आलं. अकरा वीसनंतर. माझी जोडी आधीची आहे, काका. खरी आहे.

काका : हे असंच सांग बाईंना. आधी डोळ्यांवर चष्मा चढवतील, मग हसतील, मग सही करतील. त्यांचा हाच क्रम असतो.

युन-चिए : दुधाची गोष्ट पहिल्याच पानावर लिहिते. वेळेसकट, बाहीसकट.

काका : लिही. पण आधी खाली जाऊन ये, साडेतीन झाले. आणि स्वेटर इथंच काढून ठेव, माझ्या खुर्चीवर.

युन-चिए : जाते. बिचारं केसीन. एवढ्या गर्दीत शिरलं आणि कुणाचा हात नाही धरला.

काका : धरेल कसा? ज्याच्यासाठी निघालं होतं, ते इथं नव्हतंच.