सतरा नंबरचा डबा

अन् मी काय म्हणतो, आजारी भाऊ कुणाचा? माझा! सख्खा! अमेरिकेत मांडीचं हाड मोडून पडलाय तो माझा राघवेंद्रदादा, हात थरथरतात त्या माझ्या वहिनी, आणि सहा महिने येऊन राहा म्हणून बोलावणं कुणाला? आमच्या इंदूला! माझ्या बायकोला! मी आपलं फोनवर म्हणलं, दादा, मीपण येतो की... तर तिकडून पलंगावरून आवाज, "माधव, तू येऊन काय करणार? तुझंच करायला माणूस लागतं. इंदूला पाठव." पाठव! घ्या! म्हणलं, जा बाई जा, मी कुठं नाही म्हणतो?

तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या भूकंपापासून सुरू झालंय. त्र्याण्णव साली लातूर हादरलं तेव्हा इंदूनं माझ्या आईला पाठुंगळी घेऊन अंगणात आणलं. आणि मी रेडिओ आणला. आता घाईत माणूस हाताला लागेल ते उचलतो की नाही? तेरा वर्षं झाली हो त्याला! पण घराण्यात कुणाला शिंक जरी आली तरी "इंदूला बोलवा", आणि मला काय? "रेडिओ बरा आहे का?"

मग तयारी. दोन महिने! किराणा दुकानातून वजनकाटा आणला, तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, दादाला कारळाची चटणी, दादाला मेतकूट, वहिनींना नाचणीचं सत्त्व, कोणत्या गोळीनंतर कोणती, वहिनींना काय गिळवतं, काय नाही, सगळं फोनवर विचारून वहीत लिहून घेतलं... आणि दादाच्या कमरेला तेल! अहो, माझ्या कमरेला पस्तीस वर्षांत कधी तेल... लावलं असंल, पण इतक्या प्रेमानं? मी आपला काट्यावरचे आकडे वाचत बसलो. जा म्हणलं!

आणि माझी सोय? ऐका. वरच्या मजल्यावर क्लासेसची पोरं ठेवलीत आम्ही भाड्यानं, अख्खा मराठवाडा डॉक्टर व्हायला लातुरात आलाय ना सध्या! त्यांना डबे देणाऱ्या पार्वतीबाई, त्यांच्याकडं माझं नाव घातलं. "काका, काळजी करू नका, तुमचा सतरा नंबर." सतरा! मी गणिताचा रिटायर्ड मास्तर, सोळा नंबरला फिजिक्समध्ये आपटलेलं पोरगं, अठराला उदगीरचं, आणि मध्ये मी! वर आणखी फ्रीजला टाइमटेबल चिकटवलं. सोमवारी चहा, मंगळवारी कुकर, रविवारी टेस्ट! पहिल्याच टेस्टला माझ्या चहात मीठ पडलं. इंदूनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "अहो, कसं होणार हो तुमचं?" म्हणलं, होईल तसं होईल, तू जा, मी कुठं नाही म्हणतो?

पण आतून जळून राहिलो होतो, खोटं कशाला बोलू! दादाला इंदू मिळणार, इंदूला अमेरिका मिळणार, आणि मला सतरा नंबर? मीपण व्हिसाचा फॉर्म भरला. ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून मुंबई गाठली, हाडं खिळखिळी झाली. इंदूनं बजावलं, "खिडकीपाशी तुम्ही बोलू नका."

अमेरिकन वकिलातीच्या खिडकीत गोरा साहेब, शेजारी त्याचं मराठीत सांगणारी पोरगी. तिनं विचारलं, "काकू, सहा महिन्यांनी परत कशासाठी येणार?" इंदूनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यांच्यासाठी. ह्यांना साधा चहा येत नाही करायला." साहेबानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं... अन् पटलं हो त्याला! लगेच पटलं! मग मला, "काका, तुम्ही कशासाठी परत येणार?" आता घर आहे, पेन्शन आहे, वर भाडेकरू आहेत, सांगायचं की नाही? पण तोंडातून काय निघावं? "मला इथं इंदूशिवाय कोण आहे?" झालं! पोरीनं इंग्रजीत सांगितलं, साहेब हसला, हिचा पासपोर्ट व्हिसासाठी ठेवून घेतला आणि माझा खिडकीखालून परत.

गेली. पाच महिने झाले. दादा मला फोनवर सांगतो, "काय वरण करते रे इंदू!" मला सांगतो! मला!

आता एक सांगतो, पण आपल्यातच ठेवा. चहा येतो मला. दुसऱ्याच महिन्यात जमला. आलं ठेचून असा फक्कड करतो की पार्वतीबाई डबा द्यायला आल्या की कपभर घेतल्याशिवाय जात नाहीत. वरण येतं, भात येतो. मास्तर माणूस, टाइमटेबल लावल्यावर शिकणारच की! पण डबा चालूच ठेवलाय, बंद केला तर उगीच पार्वतीबाईंच्या तोंडून तिकडं कळायचं. इंदूला हे सांगायची सोय आहे का? साहेबापुढं तिनं परत यायचं कारण एकच सांगितलंय... तेच संपवू?

काल फोन आला. "अहो, दादा म्हणतात अजून दोन महिने वाढवून घे. राहू का?"

म्हणलं, "राहा की! मी कुठं नाही म्हणतो?... फक्त आज चहात परत मीठ पडलं बघ."