मटणाचे वाटे आणि गुरुजींचं इंग्रजी

आमच्या गुरुजींनी रिटायर झाल्यावरही शिकवायचं सोडलं न्हाई, अगदी मटणाच्या वाट्यांसमोरबी. आमी पाच जणांत मिळून बोकड कापला होता. बापूनं पळसाच्या पानांवर पाच वाटे घातले. लबाडी नको म्हणून आमच्याकडं एक जण पाठ करून बसतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून "हा कुणाचा?" विचारतो आणि पाठ करून बसलेला एकाचं नाव घेतो. त्या दिवशी पाठ करून बसले गुरुजी.

"वाटे काय म्हणता अडाण्यासारखं? बायफर्केट म्हणा!"

"म्हंजी काय, गुरुजी?" बापूनं विचारलं.

"एका रस्त्याला दोन फाटे फुटले, की रस्ता बायफर्केट झाला."

तेवढ्यात कुत्र्यानं एका वाट्यातलं अर्धं मटण पळवलं. गुरुजींची पाठ होती, त्यांना पत्त्याच न्हाई. आता हा वाटा कुणाच्या गळ्यात पडतो? बापूनं हळूच त्याच वाट्यावर बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

"माझा!" गुरुजी ऐटीत बोलले आणि वळले. "अरे, एवढाच का?"

"बायफर्केट झाला, गुरुजी," बापू म्हणाला. "एक फाटा हितं हाय. दुसरा त्यो बघा, बांधावरून पळायलाय."